मामाचा जबडा

त्या दिवशी मी एक बशी सुशीला खाल्ला नसता, तर माझ्या हाडाचे दोन तुकडे आज आंध्र प्रदेशात राहिले नसते.

सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात तो. पदार्थ गरीब आहे, त्याचा काही दोष नाही. दोष माझ्या जबड्याचा. माझा खालचा जबडा जन्मापासून माझ्या दोन पावलं पुढे चालत आलेला. परभणीच्या तहसिलीत मी कारकून. पण मी दारात पोहोचायच्या आधी जबडा आत जाऊन हजेरी लावायचा. समोरचे दात एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. भाकरी तोडायची तर दाढेत धरून हातानं ओढावी लागे. माझी बायको वच्छला मला पाहुण्यांसमोर कधी खायला बसू देत नसे. "तुमी मागून जेवा," म्हणायची. (मी याला बरीच वर्षं आदर समजत होतो.)

माझ्या धाकट्या बहिणीला, नर्मदेला, बघायला पिंगळीहून पाहुणे आले होते. आई-वडील गेल्यापासून नर्मदेचं सगळं माझ्याकडे. मुलगी नाकीडोळी नीट, सातवी पास, स्वभावानं स्पष्ट. आयुष्यात बाकी कशात मी धड उतरलो नाही तरी चालेल, पण हिचं लग्न नीट करून द्यायचं एवढं मी मनाशी धरलं होतं. पाहुण्यांना मुलगी आवडली. वच्छला आत चहाचं बघत होती. पाहुणे एकटे खातायत, बरं दिसत नाही, म्हणून मी एक बशी उचलली.

मुरमुरे ते. समोरच्या दातांना सापडेनात. मी घास आत ढकलतोय, जबडा बाहेर आणतोय. थोड्या वेळानं लक्षात आलं की खोलीत आपण एकटेच खातोय आणि बाकी सगळे बघतायत.

तीन दिवसांनी निरोप आला. "पोरगी पसंत हाय. पण लेकरं मामाच्या वळणावर जात्यात."

नर्मदा हसली. "बरं झालं दादा, मला बी त्यांचा पोरगा आवडला नव्हता," म्हणाली, आणि मागच्या अंगणात जाऊन एकच पातेलं बराच वेळ घासत बसली. मी खिडकीतून बघत होतो. असं वाईट मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी रजेची अर्जी टाकली आणि हैद्राबादची गाडी पकडली.

तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात नुकताच विलायतेहून आलेला एक तरुण डॉक्टर होता. त्यानं माझा जबडा चारी बाजूंनी पाहिला आणि त्याचा चेहरा असा फुलला की मलाच माझ्या जबड्याचा अभिमान वाटला. दोन्हीकडून बोटभर हाड काढायचं, जबडा मागे सरकवायचा, वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकायचे, सहा आठवडे तोंड बंद. बस. "आधी कुणाचं केलंय का?" असं विचारायला हवं होतं, पण ते मला शुद्धीवर आल्यानंतर सुचलं, आणि तेव्हा तोंड बंद होतं.

हे सगळं छप्पन सालच्या ऑक्टोबरच्या शेवटी. मी टेबलावर चढलो तेव्हा परभणी हैद्राबाद संस्थानातून झालेल्या हैद्राबाद राज्यात होती. खाटेवर पडल्या पडल्या एक नोव्हेंबर उजाडला, राज्यांची पुनर्रचना झाली, परभणी मुंबई राज्यात गेली आणि मी न हलता परमुलखात पडलो. काढलेली हाडं हैद्राबादेतच राहिली, म्हणजे आंध्रात गेली. उरलेला मी मुंबई राज्याच्या वाट्याला आलो. दिवाळीही तिथंच झाली. शेजारच्या खाटेवरचा पेशंट माझ्याकडे बघत बघत चकल्या खायचा. त्या माणसाला मी अजून क्षमा केलेली नाही.

घरी सोडताना डॉक्टरनं सगळ्या सूचना मला न्यायला आलेल्या वच्छलेला दिल्या. मला प्रश्न विचारता येत नव्हते आणि तिला येत होते, हे एक कारण. सगळं पातळ द्यायचं. उशाला तक्के लावून बसवून झोपवायचं. हसवायचं नाही. आणि मग त्यानं टेबलावरून एक पक्कड उचलून तिच्या हातात दिली. "बाई, ये हमेशा पास रखना. उलटी हुई तो फौरन तारां काट देना, नहीं तो आदमी का दम घुटता."

वच्छला चौथी शिकलेली. तिनं पक्कड उलटसुलट पाहिली, माझा ओठ वर करून कुठली तार आधी कापायची ते विचारून घेतलं, आणि पक्कड कमरेला खोचली. त्या दिवसापासून ती पक्कड कधी तिच्या कमरेवरून हलली नाही. चूल फुंकताना, विहिरीवर जाताना, झोपताना. माझा जीव त्या बाईच्या कमरेला लटकत होता, आणि खरं सांगतो, इतका निर्धास्त मी आधी कधी झोपलो नव्हतो.

आता, ज्यांना कुणाला जबडा कापून घ्यायचा असेल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. तोंड इतकं सुजतं की जबडा पुढे आहे की मागे हे आपलं आपल्यालाच कळत नाही. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर. आंबील ओठावरून गळून सदऱ्यावर उतरली, की ती डोळ्यांनी बघितल्यावर समजते. बोलायला जावं तर नुसती गुरगुर बाहेर येते. मी पाटी-पेन्सिल घेतली होती, पण घाई झाली की हाताला निजामाच्या कचेरीतली उर्दू यायची, आणि वच्छला पाटी परत द्यायची, "मराठीत भूक लागली की सांगा." शेवटच्या दाढेमागे बोटभर फट होती. त्या फटीतून लहान लेकरांना दूध पाजायच्या चोचीच्या बोंडल्यानं ती मला जेवू घालायची. आणि काय काय घालायची! वरण गाळून, भाकरी दुधात कुस्करून धोतराच्या फडक्यातून गाळून. एक दिवस मी पाटीवर नुसतं 'ठेचा' लिहून रडवेला झालो, तर तिनं ठेचा ताकात कालवून गाळून आणला. ठेचा गाळता येतो, हे कुठल्या विलायतेत शिकवत नाहीत.

असे चार दिवस गेले आणि सेलूहून पत्र आलं. किशनराव नावाचे शेतकरी, सरकीच्या बाजारात बसणं-उठणं असलेले, आपला मास्तर मुलगा वैजीनाथ आणि बहीण तानुबाई यांना घेऊन परवा नर्मदेला बघायला येतायत.

मी पाटीवर लिहिलं, 'ऑपरेशनचं एक अक्षर बोलायचं नाही.' खाली दोन रेघा मारल्या.

"का?" वच्छला म्हणाली.

'जबडा का कापला विचारतील. मग आधीचा जबडा निघेल.'

"खोटं बोलून लगीन जमवू नये."

मी तिसरी रेघ मारली. नर्मदा दारात उभी राहून सगळं वाचत होती. वच्छलेनं पाटी पुसली आणि हात जोडले. "तुमचंच खरं. मग फळं बी तुमीच भोगा."

पाहुणे आले. मी लोडाला टेकून, फेटा बांधून, फुगलेला बसलेला. किशनरावांनी रामराम केला. मी हात जोडले. त्यांनी पाऊसपाणी विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी तब्येत विचारली. मी पुन्हा मान डोलावली.

"पावणं बोलंनात?" तानुबाईंनी आतल्या वच्छलेला विचारलं.

मी दाराकडे बघितलं. वच्छलेनं पदर डोक्यावर ओढला. मग म्हणाली, "मौन धरलंय त्यांनी."

"मौन? आन् तहसिलीत काम करून?"

"कार्तिकाचं."

किशनरावांनी आपोआप पाय मागे घेतले. "धन्य हाय," म्हणाले. "आमच्या सेलूत दोन कारकून हायेत, दोघं बी गप बसत न्हाईत. आन् तोंडावर तेज कसं हाय बघा. भरलेलं घर दिसायलंय." (पोटात सकाळपासून दोन बोंडली ताक.) मी विनयानं मान खाली घातली. मौनाचा मला मोह पडायला लागला होता.

सुशीला आला. मी हात हलवला. "उपास बी हाय," वच्छला म्हणाली. तिचा आवाज जरा बारीक झाला होता. किशनरावांनी मुलाकडे पाहिलं, म्हणजे शिक, अशा अर्थानं. तानुबाईंची नजर मात्र वच्छलेच्या कमरेवर खिळली होती.

"बाई, मौन कवापासून हाय म्हनलं?"

"पंधरा दिस झाले."

तानुबाईंनी पक्कड नीट पाहून घेतली. मग पुढे वाकून, मोठ्या कौतुकानं म्हणाल्या, "लय धाकात ठेवलंय बाई तुमी. आमाला न्हाई जमलं."

नर्मदा आली. वैजीनाथ मास्तरांनी विचारलं, काय वाचता. ती म्हणाली, जे मिळंल ते, पण दादा उर्दू पेपर आणतो, ते येत न्हाई. मास्तर म्हणाले, मी शिकवीन. त्यावर ती जी हसली, ते मी पाहिलं, आणि किशनरावांनीही पाहिलं. त्यांनी तिथंच मांडीवर थाप मारली. "पसंत हाय! पावणं, तोंड गोड करा!" आणि पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला.

मी तोंडावर हात ठेवला.

"उपासाला पेढा चालतो की!" तानुबाई म्हणाल्या.

आता मौनात बोलायचं नाही, पण पेढा खायला काही हरकत नसते. दूध उपासाला चालतं. माझ्याजवळचे सगळे रस्ते संपले होते. किशनरावांनी प्रेमानं माझा हात बाजूला केला आणि पेढा माझ्या ओठांवर दाबला. मी डोळे मिटून ओठ फाकवले. पेढा आत गेला असं मला वाटलं. ओठ बधिर, मला काय कळणार! डोळे उघडले तेव्हा अर्धा पेढा माझ्या हनुवटीला चिकटला होता आणि अर्धा किशनरावांच्या पायाशी पडला होता.

"थुकला की वो!" तानुबाई ओरडल्या.

शुभ बोलण्यातला पेढा मुलीच्या भावानं पाहुण्याच्या पायाशी टाकला, याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. किशनराव उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता. "पोरगी द्यायची न्हाई तर सरळ न्हाई म्हनायचं व्हतं, पावणं," ते म्हणाले आणि जोड्यांकडे निघाले. मी गुरगुरलो. पाटी ओढून भराभरा लिहिलं. उर्दूत. कुणीच वाचायला थांबलं नाही. दुसऱ्यांदा मी माझ्या बहिणीचं लग्न मोडत होतो, आणि या खेपेला नव्या जबड्यानं.

"थांबा," नर्मदा म्हणाली. बघायला आणलेली मुलगी अशी बोलत नाही. ती बोलली. "मौन न्हाई आन् उपास बी न्हाई. लेकरं मामाच्या वळणावर जात्यात म्हणून पिंगळीचे पावणे परत गेले. म्हणून दादानं माज्यासाठी जबडा कापून घेतलाय. त्याचं तोंड तारांनी बांधलंय. आमी खोटं बोललाव. तुमाला जायचं तर जा, पण दादानं पेढा थुकला असं म्हणत जाऊ नका."

वच्छलेनं खाली पडलेलं उचलून ठेवलं, पुड्यातला दुसरा पेढा घेतला, दुधात कुस्करला, फडक्यातून गाळला, आणि भर बैठकीत माझी मान मागे करून बोंडल्यानं मला पाजला. अडतीस वर्षांचा सरकारी माणूस, फेटा बांधलेला, चुटूचुटू दूध पितोय. मास्तर तारा बघायला पुढे आले, सवयीनं "आ करा" म्हणाले, आणि लाजले.

"आधी कसा व्हता जबडा?" तानुबाईंनी विचारलं.

मी वच्छलेकडे नको नको अशी मान हलवली. तिनं सरळ भिंतीवरचा आमचा कचेरीतला फोटो काढून त्यांच्या हातात दिला. तानुबाईंनी पाहिला आणि भावाकडे दिला. किशनरावांनी बराच वेळ पाहिला. मग डोक्यावरचा पटका काढला. दोन्ही बाजूंनी सुटे झाले ते त्यांचे कान. असे कान मी माणसाला पाहिले नव्हते.

"हे घ्या," ते म्हणाले. "जबडा मामाचा आन् कान आज्याचे. लेकरू जत्रंत तरी हरवायचं न्हाई." आणि खाली बसले. "खरं बोलणारी पोरगी, आन् असा नवरा सांभाळणारी भावजय. हे घर आमी सोडत न्हाई."

मला हसायची मनाई होती. रडायची नव्हती, म्हणून मी रडलो.

डिसेंबरात तारा निघाल्या. हैद्राबादहून परभणीपर्यंत मी गाडीत अखंड बोलत आलो. वच्छला म्हणते, मनमाडपर्यंतचं तिकीट काढलेला एक प्रवासी मध्येच उतरून गेला. सूज गेली, मी वाळून निम्मा झालो, हनुवटी अगदी जागेवर आली. माघात लग्न झालं. अक्षता पडल्या, नर्मदा मास्तरांकडे बघून हसली, आणि मला वाटलं की जबडा काय, वेळ आली असती तर नाकही दिलं असतं. सहा आठवड्यांचं सगळं साठलेलं बोलणं मी सकाळपासून वऱ्हाडाला ऐकवत होतो. किशनरावांना तर मी सरकारी कचेऱ्या, राज्य पुनर्रचना आणि कापसाचे भाव अशा तिन्ही विषयांवर सलग धरून ठेवलं होतं. पंगतीच्या वेळी ते कसेबसे सुटून वच्छलेकडे गेले.

"अक्का, तुमचे मालक दिसंनात कुठं? जेवायला त्यांच्याशेजारी बसायचं व्हतं मला."

"ते काय," वच्छला म्हणाली, "सकाळधरनं तुमच्यासंगटच बोलायलेत."

किशनरावांनी मला फेट्यापासून जोड्यापर्यंत पाहिलं. मग आवाज खाली आणला, पण पुरेसा नाही.

"काहीतरीच काय! ते लय समजदार माणूस व्हते."