आत्याच्या पाठीवरची चावी

वैष्णवीच्या स्कूटीची चावी हरवली आणि अख्खं घर पालथं घातलं तरी सापडेना. केराबाई आत्याही शोधत होत्या, पण दिवाणावर बसून, चिंच चोखत. वळसंगहून भाचीकडे सोलापूरला आल्यापासून बाईंचं चिंचेवाचून पान हलत नव्हतं. सकाळी चिंच, दुपारी आंबटढाण ताक, रात्री अंबाडीची भाजी!

"आत्या, ऊठ की जरा. गादीखाली बघते."

आत्या उठल्या, वळल्या, आणि चावी दिसली. आत्यांच्या पदराला मागून लटकत होती. सोबत दोन सेफ्टी पिना आणि गोधडीची सुई.

वैष्णवीनं पदर बाजूला केला. मानेवर रुमालात बांधलेलं काळं चुंबक होतं, माळ्यावरच्या जुन्या स्पीकरमधलं. त्याखाली लिंबाएवढी गाठ. वैष्णवीनं घाबरत ती बोटानं चाचपली.

"आत्या, ही गाठ कधीची?"

"पेरणीच्या आदीची. घाबरतीस कशाला? तू सांगितलंस तसंच केलंय की समदं."

सांगितलं होतं खरं. वैष्णवी विद्यापीठात संशोधन करते. आल्या दिवशी आत्यांनी जेवताना खोदून खोदून विचारलं आणि पोरगी खुलली. लोखंडाचे अगदी बारीक कण औषध घेऊन रक्तातून जातात, चुंबकानं त्यांना गाठीकडे ओढायचं. कॅन्सरच्या गाठीपाशी आंबटपणा जास्त, तो लागला की कण औषध सोडतात. एवढं ऐकून कोण गप्प बसेल? आत्या तर मुळीच नाही.

"गाठ चांगली आंबट करून ठिवलीया. चुंबक बी लावलंय. आता तुजं औषद तेवडं दे."

"अगं, ते अजून उंदरांवर चाललंय! डॉक्टरला का नाही दाखवलंस?"

आत्यांचं चिंच चोखणं थांबलं. "सुंदरम्मानं दाखवलं हुतं की. काय झालं?"

सुंदरम्मा शेजारची कानडी मैत्रीण. लहानपणी दोघी ओढ्यावरच्या चिंचेला दगड मारायच्या, तळहातावरचं मीठ चाटायच्या. "हुळी, केरा, लई हुळी," म्हणत ती त्या आंबटानं एक डोळा मिटायची. गाठीनंच गेली. आठवण निघाली आणि आत्या पदरात तोंड घालून रडल्या. भाचीही रडली.

मग मात्र वैष्णवीनं ऐकलं नाही. ढेकर देणाऱ्या आत्याला स्कूटीवर घालून दवाखाना गाठला. सुई घालून तपासणी झाली. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर म्हणाले, "साधी चरबीची गाठ आहे. काळजी नको. पण आजी, पोटात एवढी जळजळ कशानं?"

वैष्णवीला हसावं की रडावं कळेना. आत्या मात्र डॉक्टरांकडे संशयानं बघत होत्या.

"म्हंजे आंबट न्हाय ती?"

"नाही."

"घ्या! एवडी चिंच वाया गेली की!"

वळसंगच्या एसटीत बसल्यावर आत्यांनी खिडकीतून उरलेल्या चिंचेची पिशवी पुढे केली.

"मला कशाला, आत्या?"

"तुला न्हाय गं, तुज्या उंदरांना घाल. लवकर आंबट हू दे त्यांच्या गाठी. सुंदरम्माला उशीर झाला, दुसरीला नगं व्हायला."

चिंचेनं तसं काही होत नाही, हे वैष्णवीच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तिनं पिशवी घेतली आणि म्हणाली, "घालते."