आप्पांची मुकी गाडी

“माझ्या घरात शिस्त आहे!”

रत्नागिरी कोर्टाच्या बाररूममध्ये दत्तात्रेय ऊर्फ आप्पा मायदेव वकील हे वाक्य दिवसाआड तरी म्हणायचेच. कोणी बायकोची तक्रार केली की म्हणायचे, कोणाचा गडी पळाला की म्हणायचे, आणि कोणीच काही बोललं नाही तर स्वतः विषय काढून म्हणायचे.

“कोर्ट कधी सुटेल याचा काही नेम असतो का? कधी दुपारीच, कधी दिवेलागणीला. पण मी पालीला घरी पोचतो तेव्हा चहा उकळत असतो, गडी कलमांच्या आळ्यात खणत असतो, आई जप करत असते आणि पद्मजा दारात उभी असते. बोलावं लागत नाही, ओरडावं लागत नाही. शिस्त!”

खोटं नव्हतं हो ते. अगदी अस्संच असायचं. फक्त त्याला कारण शिस्त नव्हती, इम्पाला होती. हे पालीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या आप्पांना.

मुंबईच्या कुणा शेटजींची ही जुनी अमेरिकन गाडी आप्पांनी हौसेने घेतलेली. आठ सिलिंडरं, आत दिवाणखान्यासारखी गादी, आणि लांबी अशी, की हातखंब्याच्या वळणावर तोंड पालीकडे वळलं तरी शेपूट अजून रत्नागिरीतच! पण खरी मातब्बरी तिच्या आवाजाची. ती पालीच्या खिंडीत शिरली की टपरीवरच्या बशा थरथरायच्या. गिअर बदलताना ती पोटभर जेवलेल्या माणसासारखी ढेकर द्यायची, आणि थांबली की मागून एक ‘ठो!’ काढायची. खिंडीपासून मायदेवांच्या फाटकापर्यंत यायला तिला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात एक अख्खं घर शिस्तीत येऊ शकतं. सवय असली म्हणजे झालं.

आता अशी गाडी कोणी सोडेल का? पण शहाऐंशी साली आप्पांची बुद्धी फिरली. त्यांच्या हाताखालच्या एका तरुण वकिलाच्या सासऱ्यांनी जावयाला मारुती दिली, आणि त्याने मोठ्या अदबीने ती आप्पांना एकदा चालवायला दिली. आप्पा मांडवीपर्यंत गेले आणि परत आले ते पार बदलून! एका बोटाने वळते! गल्लीत शिरते, गल्लीतून निघतेसुद्धा! उताराला पाय सोडून भाड्याची सायकल पळवायचे दिवस त्यांना आठवले. पन्नाशी उलटल्यावर माणसाचं असं काही होऊ नये, पण झालं. रात्री झोपेत ते उशी डावीकडे-उजवीकडे वळवू लागले.

लोकांना मात्र सांगायचे, “पेट्रोल फार पितं हो ते धूड. काटकसर नको का करायला?”

योग असा की कोल्हापूरचे घोरपडे म्हणून लाकडाचे एक बडे व्यापारी दाव्यासाठी त्यांच्याकडे यायचे. त्यांचा मारुतीचा नंबर लागला होता, लाल भडक गाडी दारात आली होती, आणि घोरपडे तिच्यात मावत नव्हते.

“वकीलसाहेब,” ते काकुळतीला येऊन म्हणाले, “ही गाडी मी अंगात घातल्यागत वाटतीया बघा. बसल्यागत वाटतच न्हाई!”

आप्पांनी त्यांना इम्पालाचं दार उघडून दिलं. घोरपडे आत बसले, दोन्ही हात पसरले, पाय लांब केले आणि त्यांच्या तोंडून ‘हुश्श’ निघालं. तिथेच सौदा झाला. गाडीला गाडी! कागदांवर सह्या होऊन घोरपडे इम्पाला घेऊन निघाले, तेव्हा कोर्टाच्या आवारातले कावळे उडाले. आप्पांना क्षणभर भरून आलं. दुसऱ्या क्षणी ते लाल गाडीत शिरले आणि विसरलेसुद्धा.

घरी यातलं काही कळू दिलं नव्हतं. पद्मजाबाई नेहमीप्रमाणे दारात उभ्या असतील, त्यांच्यासमोर झोकात वळण घेऊन थांबायचं, त्यांना शेजारी बसवायचं आणि आंबा घाटाच्या पायथ्यापर्यंत फिरवून आणायचं, असा बेत होता. लग्नाला तीस वर्षं होत आली, पण नुसतं फिरायला म्हणून बायकोला कधी कुठे नेलं नव्हतं. इम्पालातून जायचं ते लग्नाला, मुंजीला नाहीतर दवाखान्यात. खिंड कधी आली आणि कधी गेली, आप्पांना कळलं नाही. कुणालाच कळलं नाही! टपरीवरच्या बशा जागच्या जागी. फाटकापाशी उतार होता, तिथे आप्पांनी ऐटीत इंजिन बंद केलं आणि गाडी अलगद फाटकालगतच्या फणसाखाली आणून उभी केली.

फणसाच्या मुळाशी त्यांचा गडी काशीराम तोंडावर टोपी टाकून आडवा झाला होता. फावडं शेजारी निजलेलं.

“काशीराम!” आप्पा म्हणाले. रागापेक्षा आश्चर्यच जास्त होतं.

काशीरामने टोपीखालून एक डोळा उघडला, त्याला गाडीचा लाल पत्रा तेवढा दिसला आणि त्याने डोळा मिटला. “कागद आलाय काय रे? ठेव जा वटीवर. नि फाटक लावून घे, गुरां शिरतात.”

आपल्याला पोस्टमन समजल्याचं आप्पांना एवढं लागलं, की ओरडायचंसुद्धा सुचलं नाही. आधी घर गाठू, याचा समाचार मागाहून, असं म्हणत ते तरातरा निघाले. तर दारात पद्मजाबाई नाहीत. चहाचा वास नाही. आतून मात्र हसण्याचा गदारोळ! आप्पा ओटीवर न चढता घराच्या कडेने माजघराच्या खिडकीशी गेले. खिडकी उंच. त्यांनी टाचा उचलून आत डोकावलं.

माजघरात पद्मजाबाई उभ्या होत्या. अंगात आप्पांचा जुना काळा कोट, नाकाच्या शेंड्यावर आप्पांचा जुना चष्मा, हातात लाटणं! समोर चटईवर शेजारच्या मथुराकाकू आणि कामाला येणारी तुळसा. आणि मधोमध, जपमाळ मांडीवर अन् फणसाचं साठ तोंडात, अशा थाटात आप्पांच्या मातोश्री आनंदीबाई. डॉक्टरांनी गोड बंद केलेल्या आनंदीबाई!

“तुळसा!” पद्मजाबाई जाडा आवाज काढून म्हणाल्या. “हा तांब्या इथे का?”

“तो थयच असतो वो आप्पानू,” तुळसा हात जोडून म्हणाली. तिला आपलं काम तोंडपाठ होतं.

“तिथेच असतो याला पुरावा काय? मी विचारतो, पुरावा काय?” लाटणं खांबावर आपटलं. “माझ्या घरात शिस्त आहे!”

“टाचा, टाचा उचल गो!” आनंदीबाई ओरडल्या. “शिस्त म्हणताना दत्तू टाचा उचलतो. लहानपणापासनं!”

खिडकीबाहेर आप्पांनी आपल्या टाचा हळूच खाली टेकवल्या.

पद्मजाबाईंनी टाचा उचलून पुन्हा “शिस्त!” म्हटलं, आणि माजघर लोटपोट झालं. मथुराकाकूंना ठसका लागला. आप्पांना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आपण ज्याला धाक समजत होतो, तो हा? आपली पाठ वळली की आपलंच सोंग? आत घुसावं आणि एकेकाची उलटतपासणी घ्यावी, असं त्यांच्या मनात आलं. पण पुन्हा बघावंसंही वाटत होतं. कारण आप्पा काहीही असले तरी वकील होते, आणि साक्ष उत्तम चालली होती. तो मान वाकडी करून चष्म्यावरून बघण्याचा ढंग! हुबेहूब!

“आता रात्रीचं कर,” मथुराकाकू म्हणाल्या.

पद्मजाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. आवाज एकदम खाली आणला. “पद्मजा, जेवलीस का गं? की सगळ्यांना वाढता वाढता तशीच राहिलीस?”

कोणी हसलं नाही.

“हे मात्र खरंच विचारतात हो,” पद्मजाबाई स्वतःच्या आवाजात म्हणाल्या. “रोज. दिवा मालवला की.”

आनंदीबाईंनी साठाचा पुढचा तुकडा मोडता मोडता “वाईट नाही हो आमचा दत्तू,” असा निकाल दिला.

आप्पा खिडकीपासून मागे सरले. आता आत जायचं कसं? आत गेलं की पद्मजा शरमेने चूर होणार. कोट पुन्हा खुंटीवर जाणार तो कायमचा, आणि हे हसणं या घरात परत ऐकू येणार नाही. शिवाय मथुराकाकूंना कळलं म्हणजे आकाशवाणीला कळलं! बाररूममध्ये तोंड दाखवायला जागा उरायची नाही. छे! काहीतरी करून आपण आता येतोय हे यांना आधी कळायला हवं. अगदी रोजच्यासारखं.

आप्पा दबक्या पावलांनी फाटकाशी परतले, गाडीत हात घातला आणि हॉर्न दाबला. पीं! एवढासाच! इम्पालाचा हॉर्न कसा बोटीच्या भोंग्यासारखा. आप्पांनी पुन्हा दाबला. पीं पीं!

“अगो, आइसफ्रूटवाला!” आनंदीबाईंचा आवाज थेट फाटकापर्यंत आला. “तुळसा, धाव! जाऊ देऊ नकोस मेल्याला! मला दुधाचं!”

तुळसा धावत निघाली. आप्पांना गडग्यामागे उडी मारून बसण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. आप्पा मायदेव, बारचे ज्येष्ठ सभासद, स्वतःच्याच आवाराच्या दगडी गडग्यामागे करवंदीच्या जाळीत उकिडवे बसले. तुळसाने लाल गाडीभोवती एक फेरी मारली, काचेला नाक लावून आत पाहिलं आणि ओरडत परत गेली, “गाडी हाय वो आजी! पन मानूस नाय तिच्यात!”

“नाही कसा? पैसे घेतल्याशिवाय कुठे जातोय!” आनंदीबाई म्हणाल्या. “थांब, मीच येते.”

झालं! आता अख्खी मंडळी फाटकाकडे निघणार, काळ्या कोटासकट! विचार करायला वेळ नव्हता. आप्पा करवंदीतून उठले, इकडेतिकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि तोंडाने इम्पाला सुरू केली.

“घुर्र्र्र्र्र... घुर्र्र्र्र्र्र...”

फणसाखाली काशीराम आधी उभा राहिला, मग त्याने फावडं उचललं, दोन घाव मातीत घातले आणि त्यानंतर जागा झाला. त्याने खिंडीकडे पाहिलं. रस्ता मोकळा. आवाज तर फाटकातूनच येतोय! त्याने मान वळवली आणि त्याचं फावडं तसंच वर राहिलं.

“आप्पानू... बरा नाय काय वाटत तुमाला?”

आप्पांनी एका हाताने त्याला गप्प राहायची खूण केली आणि दुसरा हात स्टिअरिंगवर असल्यासारखा फिरवला. वळण आलं होतं. गिअर बदलायला हवा होता. त्यांनी मोठ्या कष्टाने एक ढेकर काढली. घरातून आवाज आले. “आले! आले!” फडताळाचं दार आपटलं. चटई गुंडाळल्याची सळसळ. मागच्या दाराने मथुराकाकू केळीतून पळताना दिसल्या. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. आप्पांना हुरूप चढला. अजून थोडं! अजून थोडी घुर्र! चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आलं. शेवटी त्यांनी सगळा जीव एकवटून म्हटलं, “ठो!”

मग रुमालाने तोंड पुसलं, कोटावरची करवंदीची पानं झटकली आणि नेहमीच्या चालीने घराकडे निघाले. काशीराम इतक्या जोराने खणत होता की कलम उपटतंय की काय, असं वाटावं.

घरी सगळं अगदी शिस्तीत होतं. आनंदीबाई डोळे मिटून जप करत होत्या. ओठाला साठाचा तुकडा चिकटला होता, तो आप्पांनी पाहिलाच नाही. तुळसा तो तांब्या घासत होती. पद्मजाबाई दारात उभ्या. केस तेवढे जरा विस्कटलेले.

“आज लवकर सुटलं वाटतं कोर्ट?” त्या म्हणाल्या.

“हं!” आप्पा म्हणाले. घशातून एवढंच निघालं. मग त्यांनी खूण करून फाटकाशी उभी असलेली लाल गाडी दाखवली.

“नवी? अगोबाई! केवढीशी आहे! छान आहे हो!”

“जरा... घाटाच्या पायथ्यापर्यंत... फिरून येऊ,” आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले. “आपण दोघंच.”

पद्मजाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांत हसू होतं की पाणी, हे आप्पांना सांगता आलं नसतं. त्या आत गेल्या आणि चहाचा कप घेऊन आल्या.

“आधी हे घ्या. आलं जास्त घातलंय, घसा दुखत असेल,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “आणि उद्यापासून ना, जरा खिंडीपासूनच सुरू करत चला. फाटकापासून म्हणजे फार घाई होते. आईंना आता धावपळ झेपत नाही.”