पुष्पाताईंचा डावा गुडघा

आमच्या पुष्पाताई कुणाकडेही पाठ करून बसत नाहीत. शाळेच्या स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची कपाटाला टेकवलेली असते. कपाटातून नकाशा काढायचा असला की आधी पुष्पाताईंना उठवावं लागतं, आणि उठण्याआधी त्या विचारतात, "नकाशा कायले पाहिजे? भूगोल तर कालच झाला ना तुमचा."

मी अर्जुनी मोरगावच्या या शाळेत मराठी शिकवतो, त्या खेळ शिकवतात. आमची घरंही भिंतीला भिंत लागून. त्यामुळे शाळा सुटली तरी मी त्यांच्या संशयातून सुटत नाही.

एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी जेवायला बोलवायला म्हणून मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या क्षणी मामा उताणे पडून मांडवाचं छत बघत होते. लागलं काहीच नाही, कारण पाडताना ताईंनी त्यांची बाही घट्ट धरून ठेवली होती. मामा उठून बसले, तेव्हा ताईच त्यांच्यावर रागावलेल्या. मागून काऊन येऊन राहिले, समोर रस्ता नव्हता का, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या घरी चहाला आल्या की माझा कप स्वतःकडे घेतात, स्वतःचा माझ्याकडे सरकवतात. "तुम्ही प्या अगोदर, सर." माझ्या बायकोला सुरुवातीला फार लागायचं. मग ताईंनीच एकदा कारण सांगितलं. स्पर्धेच्या दिवसांत बाहेरचं खाताना जपावं लागे. कशात काय निघेल, उत्तेजकांच्या तपासणीत काय सापडेल, नेम नसे. स्पर्धा संपल्या, पण ताईंचं जपणं संपलं नाही.

एकदा मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. ताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "एवढं गोड काऊन बोलून राहिले? काम सांगतीन पाहा." दुसऱ्या दिवशी स्नेहसंमेलनाची सगळी जबाबदारी त्यांच्या गळ्यात पडली. तेव्हापासून स्टाफरूममधले आम्ही सगळेच कौतुकाला घाबरतो.

पण या बाई एके काळी ज्युदोत देशात पहिल्या आल्या होत्या. गाव इथलंच, तलावाकाठचं. घरची धानाची शेती. बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणी चालू असताना एका थोराड चुलतभावाने वेणी ओढली, तर या पोरीने त्याला धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, उचलून चिखलात घातला. ते शाळेच्या गुरुजींनी पाहिलं आणि तिला क्रीडा वसतिगृहात पाठवायचं म्हणून वडिलांच्या मागे लागले. वडील म्हणाले, पोरगी आदळली तर? गुरुजी म्हणाले, तिथं आधी आदळायलाच शिकवतात. ताई अजूनही आमच्या मुलींना तेच शिकवतात. मॅट यायच्या आधी तर धानाच्या तणशीचा थर घालून त्यावर पडायला लावायच्या.

त्या राज्यात जिंकल्या, देशात जिंकल्या. मग परदेशी स्पर्धेसाठी निवड चाचणी आली. अंतिम लढत होती शैलाशी. शैला साताऱ्याकडची, वसतिगृहात ताईंच्याच खोलीत राहणारी, जिवाभावाची मैत्रीण. चाचणीच्या आधी सरावात ताईंचा डावा गुडघा दुखावला होता. त्यांनी तो प्रशिक्षकांपासूनही लपवला. फक्त शैलाला सांगितलं.

त्या हरल्या. शैला परदेशात गेली. ताईंच्या मनाने घेतलं की तिने गुडघ्यावर डोळा ठेवून आपल्याला पाडलं. त्यांनी वसतिगृह सोडलं, ज्युदोच्या स्पर्धा सोडल्या, शैलाची पत्रं न उघडता परत पाठवली. लग्नाच्या गोष्टी आल्या, तर प्रत्येक मुलात त्यांना काहीतरी लपवलेलं दिसलं. "आपलं कुठं दुखते ते कोणाले सांगाचं नाही, सर," एवढंच त्या मला म्हणायच्या. ताप आला तरी घराचं दार लावून एकट्या पडून राहायच्या.

या हिवाळ्यात एका दुपारी मी स्टेशनवर काही कामाने गेलो होतो. पंजाबी ड्रेस घातलेल्या, भक्कम बांध्याच्या एक बाई गाडीतून उतरल्या आणि नेमका मलाच शाळेचा पत्ता विचारला. म्हणाल्या, "मी शैला. पुष्पाला भेटायचंय." इतकी वर्षं ताईंच्या शेजारी राहून मलाही लागण झाली होती. काय काम आहे, एकट्याच आलात का, असं मी त्यांना जवळजवळ पोलिसासारखं विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं. त्यांचे जुने प्रशिक्षक वारले. तेराव्याला सगळ्या मुली जमल्या. तिथं कोणीतरी म्हणालं, पुष्पा अजून तुझं नाव काढू देत नाही.

मी त्यांना स्कूटरवरून शाळेत आणलं. ताई हॉलमध्ये मुलींचा सराव घेत होत्या. शैलाताईंना पाहून त्या सरकत सरकत भिंतीशी गेल्या.

"कायले आली?"

"तुला भेटायला."

"साताऱ्याहून? नुसतं भेटाले?"

शैलाताईंनी एकदम विषयालाच हात घातला. त्या म्हणाल्या, "तुझ्या डाव्या पायाला मी शिवलेसुद्धा नव्हते, पुष्पा. भीती वाटत होती, कायमची अधू होशील म्हणून. मी डावच टाकत नव्हते. म्हणून तर पंचांनी मला ताकीद दिली."

ताकीद ताईंना आठवत होती. पण तीही त्यांना चाल वाटली होती. आपल्याला बेसावध करायची.

"मंग मी पडली कशी?"

"तू डावा पाय सारखा मागे ओढत होतीस. सगळा भार उजव्यावर. शेवटी मी उजवा झाडला."

ताई भिंतीपासून दोन पावलं पुढे आल्या. मग म्हणाल्या, "दाखव."

शैलाताईंनी ओढणी काढून माझ्या हातात दिली. दोघी मॅटवर समोरासमोर आल्या, एकमेकींची कॉलर आणि बाही धरली. केस पिकलेल्या त्या दोघी गोल फिरायला लागल्या तशा मुली तोंडावर हात ठेवून हसू लागल्या. शैलाताई एक पाऊल पुढे आल्या. त्यांचा पाय कुठे जातोय हे मी नीट बघत होतो. डाव्याकडे गेलाच नाही. पण ताईंनी डावा पाय मागे ओढला, आपोआप, आणि त्याच वेळी शैलाताईंच्या तळव्याने त्यांचा उजवा घोटा अलगद उडवला.

पुष्पाताई मॅटवर पडल्या. मुलींचं हसू थांबलं. मॅडमना पडताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"आता उठ," शैलाताई म्हणाल्या.

ताई उठल्या नाहीत. वर बघत पडून राहिल्या. आपणच राखायला गेलेल्या पायाने आपल्याला पाडलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत होतं. शैलाताईंनी त्यांची कॉलर सोडली, बाही सोडली. ताईंनी मात्र पकड सोडली नाही. शेवटी शैलाताईच त्यांच्याशेजारी मॅटवर बसल्या. मी मुलींना खुणेने बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.

दिवेलागणीला पुष्पाताई आमच्या दारात आल्या. त्यांना एक गादी आणि एक ताट हवं होतं. आपल्या घरात दोन्ही एकेकच आहेत, हे त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं. माझ्या बायकोने गादी काढली, चादर काढली, ताटासोबत दोन वाट्याही दिल्या. मग सहज विचारलं, किती दिवस आहेत पाहुण्या?

ताई गादी खांद्यावर घेत होत्या.

"म्या नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "विचारलं तर जायचा दिवस सांगून देईल ना ते."