सत्तर खुर्च्यांच्या बंदोबस्ताने आभारप्रदर्शन सर केल्याची हकीकत

नाचणाऱ्यांचे पराक्रम टाळ्यांनी लिहिले जातात; आभार मानणारीचा पराक्रम कोणी ऐकूनच घेत नाही, सबब तो कागदावर आणणे प्राप्त जाहले. वर्तमान येणेप्रमाणे.

टायपिस्टकाकू, वय एकसष्ट, पस्तीस वर्षे कचेरीत यंत्र बडवून कंबर धरलेली, अकरा सालांमागे सकलकंपगुणालंकृत उस्तादबाईंच्या बेली डान्स वर्गात वाकूनच दाखल जाहल्या. "कंबर गंजलीय, तुटली नाही," इतका निवाडा बाईंनी दिला आणि मग काकूंस हलविले, आणि काकू ताठ जाहल्या.

वर्गाचा जलसा दरसाल व्हावा, आणि अखेरीस आभाराची कामगिरी तीन सालांपासून काकूंकडे असावी, आणि बाईंचा दंडक ऐसा की आधी घरच्यांचे आभार, मग मैत्रिणींचे, गुरूचे सर्वांमागून. आणि दरसाल "आता आभार" हे शब्द निघताच खुर्च्या धडाधड मिटाव्या, यजमान मंडळींनी गाडी काढण्याच्या निमित्ताने पळ काढावा, आणि गुरूचे नाव येईतो सभागृहात किल्ल्यांचा जुडगा घेतलेला शिपाई तेवढा उरावा. लागोपाठ तीन साल काकूंनी ऐसी शिकस्त खाल्ली. शिपायाने मात्र तिन्ही साल मनापासून टाळ्या वाजविल्या.

यंदाचे साल निराळे. बाईंचे गुडघे फितूर जाहले होते, आणि उदईक सकाळी बाई लेकीच्या गावी कायमच्या कूच करणार. आज नाव ऐकले गेले नाही तर पुढे कधीच नाही.

सबब काकूंनी मसलत केली. सभागृहातील सत्तर खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस उठले की बैठक आपसूक वर आपटते. वर्गाच्या कपाटात नाण्यांचे जुने कंबरपट्टे ढिगाने पडून होते. ते घेऊन भरदुपारी काकू रांगत रांगत एकेका बैठकीखाली बांधत्या जाहल्या. तो ननंद आली. ही तीच, जिने पहिल्या साली "वहिनी, या वयात पोट हलवणार? चारचौघांत?" ऐसा खलिता धाडिला, आणि आताशा रुमाल टाकून पहिल्या रांगेतली जागा धरीत असे.

"वेड लागलंय तुम्हाला," ती म्हणाली. "सरका, गाठ मी मारते. तुमची सुटते."

ऐसी कुमक पोहोचली.

जलसा जाहला, कंबरा हलल्या, वाहवा जाहली, आणि मग काकू उभ्या राहून म्हणाल्या, "आता आभार."

यजमान, ज्यांनी अकरा साल आठवड्यातून दोन संध्याकाळी जेवण स्वहस्ते गरम करून खाण्याचा महापराक्रम केला, तेच प्रथम उठले. छन्न! साऱ्या माना वळल्या.

"गाडी काढतो."

"बसा. पहिलं नाव तुमचंच आहे."

यजमान बसले. मागे दोघे उठले, छन्न, छन्न, तेही बसले. मग कोणी खोकलेदेखील नाही.

मग काकूंनी यजमानांचे आभार मानिले, आणि पुत्राचे, ज्याने सर्व नाचांचे चित्रण मुंडकी वगळून केले, आणि मैत्रिणींचे, ज्यांनी "डावीकडे म्हटलं की तू उजवीकडेच जातेस" हे सत्य कधी लपविले नाही, आणि ननंदेचे, गाठींसकट. टंकित चार पाने, चूक एकही नाही.

अखेरची ओळ गुरूची. कागद खाली ठेवून काकू म्हणाल्या, "बाई, मी तुमच्याकडे वाकून आले होते. बघा, कशी उभी आहे."

ननंद उठली. छन्न. यजमान उठले. मग अवघे सभागृह उठले, आणि ऐसा नाद उसळला की शिपायाने दारातून किल्ल्या वाजविल्या.

बाईंनी डोळे पुसले आणि फर्माविले, "मागची रांग उशिरा आली. परत घ्या. सगळे बसा, आणि एकदम!"

सारे बसले. येणेप्रमाणे चौथे साली आभारप्रदर्शन सर जाहले. पळाले: कोणी नाही. नुकसान: एक पट्टा सुटला, तो काकूंच्या गाठीचा; ननंदेने लागलीच पुन्हा बांधिला. दुसऱ्या खेपेस एकोणसत्तर खुर्च्या एका ठेक्यात वाजल्या, आणि मग ननंदेचा हात धरून, सावकाश, बाईंची सत्तरावी. ती उशिरा वाजली. परंतु कोणी परत घ्यायला सांगितले नाही.