मुजीबभाईंचा हेडमास्तर

उदगीरचे मुजीबभाई गाड्यांची वायरिंग दुरुस्त करतात, पण गाडीला हात लावायच्या आधी सलाम करतात. थट्टा नाही. दार उघडतात, वाकतात, "सलाम, हेडमास्तर" म्हणतात आणि डॅशबोर्डाखाली शिरतात. बाहेर उरतात ते फक्त दोन पाय. गिऱ्हाइकानं त्या पायांशीच बोलायचं.

हेडमास्तर म्हणजे गाडीतली एक काळी डबी. कुठलं दार उघडं आहे, सीटवर कोण बसलंय, पट्टा लावला का, आतली बत्ती कधी विझवायची, सगळ्यावर तिची नजर. मी जळकोटच्या शाळेत मास्तर, त्यामुळे हा टोमणा मलाच असावा असा मला बरेच दिवस संशय होता.

पहिल्यांदा गेलो तो भांडायलाच. अर्धापूरहून केळीचा भलामोठा घड आणला होता, शेजारच्या सीटवर ठेवून. गाडी सगळा रस्ता टुंटुं करत आली. "हे कायमचं बंद करा," मी पायांना म्हणालो. गावातले निम्मे लोक पट्ट्याच्या जागी नुसती खोटी क्लिप खोचतात. मलाही तीच हवी होती.

"न्हाई जमत," पाय म्हणाले. मग पाठोपाठ मुजीबभाई बाहेर आले. "गुरुजी, तुमच्या वर्गात कॉपी चालते?"

"मुळीच नाही!"

"मग माझ्या हेडमास्तरला काहून फसवून राहिलाव? सीटवर वजन हाय, म्हंजी माणूस हाय. त्याच्या लेखी केळीबी सवारीच."

एवढं बोलून त्यांनी घडाला पट्टा लावला. आवाज बंद! केळी ऐटीत घरी आली आणि बायको आठवडाभर "पाहुणे पिकले का?" म्हणून मला छळत होती.

पण माणूस कसबी. दुसरीकडे "डबीच बदला" म्हणून सांगितलेल्या गाड्या यांच्याकडे येतात आणि हे दारातली गंजलेली एक वायर घासून मोकळे होतात. "हेडमास्तर हुशार हाय, शिपायानं चुकीचा निरोप दिला," म्हणतात. त्यांच्यासारखा निदान करणारा मी तरी पाहिला नाही.

एकाच बाबतीत त्यांचं डोकं फिरलेलं. दार लावल्यावर आतली बत्ती लगेच विझू देत नाहीत. न विचारता प्रत्येक गाडीत, माझ्याही, ती जास्तीत जास्त वेळ चालू राहील असं करून ठेवतात. बॅटरी उतरेल म्हणून लोक कुरकुरतात. मुजीबभाई ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

यंदा धाकटीला लातूरला क्लासला ठेवलं. अख्खा जिल्हा डॉक्टर व्हायला निघालाय, त्यात आमचीही. संध्याकाळी हॉस्टेलपाशी गाडी बंद केली. ती उतरली, दार लावलं. पोरीसमोर रडायचं नाही असं घरूनच ठरवून निघालो होतो. मुजीबभाईंची खोड विसरून, आता झाला अंधार असं समजून मी रुमाल काढला. आणि बत्ती लख्ख चालू! पोरगी काचेतून बघत होती. पळत परत आली, दार उघडून गळ्यातच पडली. दोघंही मनसोक्त रडलो.

दुसऱ्या दिवशी तावातावानं दुकानात गेलो. "तुमच्या बत्तीनं माझी अब्रू घालवली!" सगळं सांगितलं.

पाय हलेनात. मग आतूनच आवाज आला, "पोरीला बापाचं तोंड दिसलं ना?"

"दिसलं."

"त्र्याण्णवच्या भूकंपात आमची अम्मी दारात उभी होती. 'भाग बेटा' म्हणली. मी वळून बघेस्तोवर बत्ती भप्पकन गेली. तोंड दिसलंच न्हाई, गुरुजी. मग घरच आलं खाली."

मी खाली वाकलो. नुसता त्यांच्या पायांवर हात ठेवला.

पायांनीच विचारलं, "जाताना पोरीनं पट्टा लावला होता?"

"लावला होता."

"हाव," मुजीबभाई म्हणाले, आणि आत पुन्हा पान्याची खुडबुड सुरू झाली.