दोडक्याच्या वेलाला भोपळा

भोपळा तुर्भ्याच्या मार्केटातला होता, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक हौसेराव साळवे आणि दुसरी त्यांची बायको सुमेधा. देवालाही ठाऊक असणार, पण त्याचा विचार करायला हौसेरावांना त्या रविवारी सवड नव्हती.

चर्चच्या नव्या पाळकसाहेबांनी महिनाभर आधीच बजावलं होतं, "हंगामाच्या सणाला तुम्ही बाजारातून पिशव्या भरून आणता. यंदा आपल्या हातानं पिकवलेलंच देवापुढे ठेवायचं. कुंडीतली चार काड्या कोथिंबीर का असेना!"

नेरुळला सिडकोच्या बैठ्या घरामागे हौसेरावांचं पाच-सहा खाटा मावतील एवढं अंगण होतं. जूनमध्ये गावाकडून आलेलं बी त्यांनी भोपळ्याचं समजून लावलं. वेल भिंत चढून पाण्याच्या टाकीपर्यंत गेला, पण फळाचा पत्ता नाही. इकडे हौसेराव पावसाळाभर भेटेल त्याला भोपळ्याच्या गोष्टी सांगत सुटलेले. आता रिकाम्या हातानं कसं जायचं? म्हणून शनिवारी बेलापूरच्या ऑफिसातून ते परस्पर तुर्भ्याला गेले.

उपासना शाळेच्या हॉलमध्ये भरायची. भोपळा कोपऱ्यात गुपचूप ठेवायचा त्यांचा बेत होता. पण पाळकसाहेबांनी तो दोन्ही हातांनी उचलून मंडळीला दाखवला.

"सिडकोच्या भरावात हे फळ! हौसेराव, मेहनत केलीत हां!"

इथे गप्प बसले असते तरी निभावलं असतं.

"घाम गाळला, साहेब," हौसेराव म्हणाले. तसा गाळला होता. तुर्भ्याहून भोपळा खांद्यावर आणताना.

"मग पुढच्या रविवारी सगळी मंडळी तुमच्या वेलाखाली प्रार्थना करणार!"

 घरी चपला काढताना सुमेधा एवढंच म्हणाली, "आता वेलाला काय सांगणार?"

वेलाला काही सांगावं लागलं नाही. शनिवारी हौसेरावांनी दुसरा भोपळा आणला, स्टुलावर चढून सुतळीनं वेलात टांगला आणि वर पानं पसरली. एवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या कमळाकर पाटलांचं डोकं वर आलं. पाटलांची शेती सिडकोत गेली होती, पण नजर शाबूत होती.

"सालवेसाहेब, यो येल दोडक्याचा हाय. त्याला भोपला कवा लागला?"

हौसेरावांनी स्टुलावरूनच हात जोडले. "पाटील, उद्या कोणाला बोलू नका. प्लीज."

"मी कशाला बोलतंय? मी फक्त बगाया येनार."

रविवारी अंगणात पस्तीस माणसं दाटीवाटीनं उभी राहिली. एकमेकांना "सलाम, सलाम" करत सगळे भोपळ्याकडे बघत होते. सर्वांत वडीलधाऱ्या म्हणून यशोदाबाईंना खुर्ची दिली, ती नेमकी भोपळ्याखाली. आणि सुतळीचा एक पदर सुटलेला हौसेरावांना दिसला.

"आजी, इकडं सावलीत बसा की."

"आरं, ऱ्हाऊ दे. हितं फळाखाली लई बरं वाटतंया."

पाळकसाहेब म्हणाले, "प्रार्थनेआधी प्रत्येकानं मनातल्या मनात आपलं पाप देवापुढे कबूल करू या." सगळ्यांनी डोळे मिटले. हौसेरावांचे मात्र सताड उघडे. दुसरा पदर सुटला, सुतळी कुरकुरली, आणि त्यांनी झेप घेऊन भोपळा छातीशी कवटाळला. सुतळी तुटून यशोदाबाईंच्या मांडीवर पडली.

सगळ्यांचे डोळे उघडले. "पिकला होता, गळाला," हे वाक्य हौसेरावांच्या जिभेवर तयार होतं. पण सुमेधा त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत राग नव्हता. ती नुसती वाट बघत होती. त्यांना एकदम रडूच यायला लागलं.

"साहेब, हा मी बांधलाय," ते म्हणाले. "मागचा पण बाजारातलाच. वेल दोडक्याचा आहे. मी देवाशी खोटं बोललो, तुमच्याशी पण. मला माफ करा."

तेवढ्यात मागून विमलबाईंचा बारीक आवाज आला, "साहेब, सणाला मी ठेवलेली अंडी... आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. कोंबडी कुठनं येणार?"

पहिल्या हसल्या यशोदाबाई. मग अख्खं अंगण. पाळकसाहेब मात्र कॉलरशी चाळा करत होते.

"मीही सांगूनच टाकतो," ते म्हणाले. "बिशपसाहेबांना मी पत्र लिहिलंय. तुमच्या भोपळ्याबद्दल. त्यात दोन भोपळे लिहिलेत."

"आता झाले की दोन!" सुमेधा म्हणाली, आणि पाळकसाहेबही पोट धरून हसले. त्याच हसण्यात प्रार्थना झाली. हौसेरावांना वाटलं, अशी हलकी प्रार्थना आपण कित्येक वर्षांत केली नव्हती.

चहा फिरत असताना भिंतीवरून पाटील म्हणाले, "सालवेसाहेब, जरा टाकीमागची पानं सारा. येलाकडं कवा बगितलाव का नाय?"

हौसेरावांनी पानं सारली. टाकीमागे एक दोडका लोंबत होता. कोवळा, हिरवागार आणि त्यांचा स्वतःचा.

पुढच्या रविवारी तो उपासनेच्या टेबलावर मधोमध विराजमान झाला. ऑफिसात सोमवारी शेजारच्या टेबलावरच्या जोतीरामनं विचारलं, "काय, दोडका लागला म्हणे! केवढा?"

हौसेरावांचे हात आपोआप हातभर फाकले. मग त्यांना सुमेधाची नजर आठवली. हात हळूहळू जवळ आले.

"वीतभर," ते म्हणाले, आणि मग, "नाही रे. बोटभर. करंगळी धर."