भागूतात्या आणि साठ घोंगड्या

भागूतात्या गिऱ्हाइकाची उंची बघितल्याशिवाय घोंगडी विकत नसत. गिऱ्हाईक समोर आलं की आधी घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकायचे, दोन पावलं मागे सरकायचे, एक डोळा मिटून वरपासून खालपर्यंत बघायचे आणि म्हणायचे, "नाय राव, पाय उघडं पडत्याल. ही तुमची न्हवं." गिऱ्हाईक पैसे हातात धरून उभं, आणि हे आपले घोंगडीची घडी घालताहेत! मंचरच्या बाजारात हे खपून जायचं. तमाशा बघायला दहा माणसं जमायची आणि त्यातला एखादा घोंगडीच्या मापाचा निघायचा. पण हाच माणूस इंटरनेटवर घोंगड्या विकायला निघाला आणि माझ्या आयुष्यातली दोन वर्षं त्यात गेली.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा मंचरला कॉम्प्युटर क्लास चालवत होतो. सहा कॉम्प्युटर, फोनची एक लाइन आणि दारावर माझ्या नावाची माझ्यापेक्षा मोठी पाटी. तालुक्याला नवं युग मीच दाखवणार असा माझा ठाम समज होता. तालुक्याला याची काही कल्पना नव्हती. लोक यायचे ते लाइट गेल्यावर इन्व्हर्टरच्या पंख्याखाली बसायला.

भागूतात्या अवसरी बुद्रुकचे. वीजखात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कोणत्याही प्रश्नावर त्यांचं एकच उत्तर असे, "घाई नाय करायची. घाई केली की करंट बसतो." लग्न जमवण्यापासून चहा ओतण्यापर्यंत सगळीकडे त्यांना करंट दिसायचा.

"सर, मला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू पायजे," पहिल्याच दिवशी ते म्हणाले. दुकानात जाऊन पाव किलो शेव मागावी तसे.

"कशाला हवंय?"

"आबासाठी."

आबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. घरातली मेंढरं कधीच गेली होती, पण आबांचा हातमाग राहिला होता. पडवीत जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि घोंगडी विणायची. तरुणपणी दोघाही भावांना नोकरी लागत होती. बापाचा माग कोणीतरी सांभाळायला हवा म्हणून आबा घरी राहिले आणि भागूतात्या खांबावर चढले. पुढे बाजारात मिलची मऊ ब्लँकेटं आली आणि घोंगडीला कोणी विचारेना. आबांच्या मुलाचा कोंबड्यांचा धंदा होता. त्याला ती पडवी खाद्याची पोती ठेवायला हवी होती. त्याने दोघांना स्पष्ट सांगून टाकलं होतं, की गिऱ्हाईक येतंय तोवर माग राहील, गिऱ्हाईक थांबलं की खड्डा बुजवणार. आबांचं सगळं आयुष्य त्या खड्ड्यात गेलं होतं. तो बुजला तर आबा बसणार कुठे, या एका काळजीने तात्या माझ्याकडे आले होते.

मी वेबसाइट बनवून दिली. शिवाय 'ऑनलाइन धंदा : नवशिक्यांच्या चुका' असं एक पान मी माझ्या विद्यार्थ्यांसाठी छापलं होतं, तेही दिलं. आपण कोणाला विकतो ते आधी ठरवा, मालाचा फोटो स्वच्छ हवा, किंमत लिहा, दिसेल त्याला ई-मेल धाडू नका, असं बरंच काही त्यात होतं. मी स्वतः तोवर इंटरनेटवर टाचणीसुद्धा विकलेली नव्हती, पण लिहिताना हात जराही कापला नाही. तात्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"लई भारी लिवलंय, सर. यातली एक बी चूक करायची नाय."

आणि मग ते एकेक करून सगळ्या करत सुटले.

पहिल्या आठवड्यात त्यांनी अवसरीपासून मंचरपर्यंत विजेच्या प्रत्येक खांबावर तेलरंगाने वेबसाइटचा पत्ता रंगवला. खांब त्यांना तोंडपाठ, खांबावरचे नंबर तर उभ्या जन्मात त्यांनीच टाकलेले. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून एकाही घरात कॉम्प्युटर नव्हता. लोकांना वाटलं विजेचा नवा फीडर आला. "तात्या, या डब्ल्यूवर आठ तास लाइट ऱ्हाईल का वो?" असं चार शेतकऱ्यांनी त्यांना विचारलं. वीजखात्याने नोटीस काढली तेव्हा तात्यांनी अक्षर सुबक असल्याचं लेखी उत्तर दिलं.

नंतर फोटो. मी घोंगडीचा फोटो आणा म्हणालो. त्यांनी आणलेल्या फोटोत सरपंच होते, शाळेचे मुख्याध्यापक होते, स्वतः तात्या वायरमनच्या जुन्या खाकी कपड्यांत होते.

"घोंगडी कुठंय यात?"

"हाय की. त्या कोंबडीखाली बगा."

मालाचं वर्णन त्यांनी स्वतः लिहून आणलं. 'ही घोंगडी सुरुवातीला टोचते. मेंढीचा वास येतो. पावसात भिजल्यास जड होते, एकट्याने पिळू नये.' मी कपाळाला हात लावला. म्हटलं, तात्या, जगात कोणी आपल्या मालाची अशी जाहिरात करत नाही.

"आन् घरी न्हेल्यावर टोचली म्हंजी? शिव्या तुमी खानार का?"

किंमत त्यांनी लिहू दिली नाही. भाव तोंडावर सांगायचा असतो, भिंतीवर लिहायचा नसतो, म्हणे. ई-मेलचे पत्ते त्यांनी लग्नात भेटलेल्या पाहुण्यांच्या कार्डांवरून गोळा केले आणि सगळ्यांना एकच पत्र धाडलं. त्यात घोंगडीबद्दल दोन ओळी होत्या आणि थंडीत छाती जपा याबद्दल पंधरा. सिमेंटच्या कुठल्याशा व्यापाऱ्याने 'मला पुन्हा लिहू नका' असं कळवलं, तर यांनी त्याला पुन्हा लिहून विचारलं, "का वो, तब्येत बरी न्हाई का?"

सगळ्यांवर कडी म्हणजे ऑर्डरचा फॉर्म. नाव आणि पत्ता यानंतर त्यांनी माझ्याकडून प्रश्न घालून घेतले. उंची किती? सरळ झोपता की कुशीवर? पाय गार पडतात का? घोंगडी नक्की कोण पांघरणार? एकही रकाना रिकामा राहिला की तात्या फोन करायचे. नाशिकच्या एका निवृत्त गृहस्थांशी ते अर्धा तास गुडघेदुखीवर बोलले. मी शेजारी बसून घड्याळाकडे बघत होतो. फोन ठेवून म्हणाले, "लई एकटा मानूस हाय वो. बोलायला कुनी न्हाई त्याला." त्यांचा स्वतःचा चेहरा इतका खुलला होता, की मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं.

दोन वर्षांत नऊ घोंगड्या गेल्या. नऊ! एवढ्या तर आबा पूर्वी एका यात्रेत विकायचे. तरी मुलगा शब्दाला जागत होता. गिऱ्हाईक येत होतं, म्हणून खड्डा उघडा होता. पण त्याचा धीर सुटत चालला होता. येत्या दिवाळीनंतर मी नऊ आणि दहा मोजत बसणार नाही, असं त्याने मलाच येऊन बजावलं.

आणि मग मला सोन्यासारखी संधी मिळाली. माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला कंपनीत होता. त्यांना दिवाळीला आपल्या विक्रेत्यांना काहीतरी गावरान भेट द्यायची होती. साठ घोंगड्या, सगळ्या एका मापाच्या, अडीच महिन्यांत. मी फोनवरच हो म्हणालो, तारीखसुद्धा ठोकून दिली. मग अवसरीला जाऊन ओट्यावर उभं राहून सगळ्यांसमोर जाहीर केलं.

आबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. दुसऱ्या दिवशी ते दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून मागावर बसल्याचं माझ्या कानावर आलं. मुलानेही पोती दुसरीकडे ठेवायचं कबूल केलं.

"साठ?" एवढंच तात्यांनी मला विचारलं.

"साठ. आता काही बोलू नका, तात्या. कुठे फोन करू नका. मी सगळं बघतो."

"घाई व्हतीया, सर."

मी हसण्यावारी नेलं. पंधरवड्याने विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, हे कोण येडं धरलंय तुम्ही?" तात्यांनी एका बोटाने टाइप करून कंपनीला परस्पर पत्र धाडलं होतं. साठही विक्रेत्यांची उंची कळवावी. पाय कोणाचे गार पडतात ते कळवावं. जे लोक घोंगडी न पांघरता कपाटात ठेवणार असतील त्यांची नावं यादीतून वगळावीत. हे कळल्याखेरीज माल निघणार नाही. साहेबांनी ते पत्र ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं, पोट धरून हसले आणि ऑर्डर एका मिलला देऊन टाकली.

मी तसाच मोटरसायकलला किक मारली. डोकं फिरलं होतं. दोन वर्षं या माणसाचं ऐकून घेतलं, आणि हातात आलेलं त्याने असं मातीत घालावं? पडवीत पोचलो तर तात्या वाकून आबांच्या दोन्ही काखांत हात घालून त्यांना खड्ड्यातून वर ओढत होते. मी थांबलो नाही. उभ्या उभ्याच सुरुवात केली.

"झालं समाधान? ऑर्डर गेली. उंच्या विचारल्यात ना साठ जणांच्या? बसा आता मोजत. आबांचा माग तुम्ही बंद पाडलात, तात्या, दुसऱ्या कोणी नाही."

आबा मटकन खाली बसले. मग धाकट्या भावाला त्यांनी नाही नाही ते ऐकवलं. तात्या खाली मान घालून ऐकत राहिले. बोलून बोलून आबांना दम लागला तेव्हा तात्यांनी मला खूण केली आणि गोठ्यामागे नेलं.

"सर, मागावर नजर टाकली का तुमी?"

टाकली नव्हती. गोठ्याच्या आडून पडवीत डोकावून बघितलं. मागावर वीतभर विणलेलं कापड होतं. पंधरा दिवसांचं काम.

"शेवटच्या घोंगडीला त्याला तीन म्हयने लागलं," तात्या म्हणाले. "बोटं वळत न्हाईत त्याची. सकाळी मी उतरवतो, सांच्याला वर काढतो. साठ कुठनं आनायच्या?"

"मग तसं कळवायचं ना! मला सांगायचं."

"तुमी सांगू दिलं का? आन् काय कळवू, आबाला व्हत न्हाई म्हनून? त्याच्या कानावर आल्याबिगर ऱ्हाईल का ते? त्याला अजून वाटतंय आपन विणतोय. मला समदे येडाच म्हनत्यात, सर. त्यात आजून साठ जन. माझं काय जातंय?"

छापील पानावर दुनियेच्या चुका लिहिणारा मी, माल विणणाऱ्याला एका शब्दाने न विचारता तारीख देऊन बसलो होतो. त्या म्हाताऱ्याच्या हातात माझा हात होता तेव्हाही त्याच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. लाज वाटली, आणि ती अजून जात नाही.

दिवाळीनंतर मुलाने खड्डा बुजवला आणि वर फरशी घातली. पुढच्या वर्षी माझाही क्लास बंद पडला. समोर चकचकीत काचांचा, थंड हवेचा दुसरा क्लास आला, आणि मी ज्यांना शिकवलं त्यांतला एकही जण निरोपाला आला नाही. मी पुण्यात नोकरी धरली.

एकदा लग्नाच्या निमित्ताने मंचरला आलो होतो, तेव्हा दुपारी अवसरीला गेलो. आबा अंगणात बाजेवर होते. भोवती दोन-तीन शेजारी बसले होते आणि आबा साठ घोंगड्यांची गोष्ट सांगत होते. ती त्यांची रोजची गोष्ट झाली असावी, कारण ऐकणारे एकमेकांकडे बघून हसत होते. तात्या बाजेच्या पायथ्याशी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. जरा वाळले होते. मला बघून आबा उठायला लागले, ते जमलं नाही.

"या, सर, या. ह्यांना खरं वाटत न्हाई. तुमी शिकल्यालं मानूस, तुमीच सांगा. साठ झाल्या असत्या का नसत्या?"

तात्यांचे हात थांबले. त्यांनी वर बघितलं नाही.

"झाल्या असत्या, आबा," मी म्हणालो. "दिवाळीच्या आधी झाल्या असत्या."

"ऐकलं का?" आबा शेजाऱ्यांवर गरजले आणि त्यांनी तात्यांकडे हात केला. "ह्या येड्यानं घालवली!"

"व्हय, आबा. माझंच चुकलं," तात्या म्हणाले. फोडलेले शेंगदाणे त्यांनी आबांच्या तळहातावर ठेवले आणि त्यांची बोटं एकेक करून मिटवली.